दोन सूत माया

(प्रस्तावना)

गोधडीला पूर्वी तीन गोष्टी मुबलक लागत: जागा, माणसं आणि उन्हाळ्याचे मोकळे दिवस. सुगी आटोपून धान्य घरात आलं की ओसरीवर किंवा सारवलेल्या अंगणात जुनी लुगडी अंथरली जात. खाली त्यातल्या त्यात धड असलेलं नऊवारी, मध्ये धोतरांचे, सदऱ्यांचे, विरलेल्या चादरींचे थर, वर पुन्हा लुगडं. कोपऱ्यांवर दगड ठेवून कापड ताणायचं, लांब लांब कच्चे टाके घालून थर जागच्या जागी धरायचे आणि मग चार बाजूंना चार जणींनी बसून कडेपासून आत दोरे घालत यायचं. कोणी घरच्या, कोणी शेजारणी, कुठे दारोदार फिरून वाकळा शिवून देणाऱ्या आणि त्यावरच पोट असणाऱ्या बाया. एवढं सगळं जुळून आलं की घरात एक पांघरूण वाढायचं.

ओरगडममध्ये हे जुळून येत नाही. चेन्नईच्या नैऋत्येला असलेलं हे गाव गेल्या दीड-दोन दशकांत मोटारींच्या कारखान्यांचं झालं. 2010 मध्ये रेनो-निस्सानचा कारखाना सुरू झाला, 2012 पासून भारतबेन्झचे ट्रक इथून बाहेर पडू लागले, 2013 मध्ये रॉयल एनफिल्ड आली. चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर इथे याच धंद्यात तयार झालेली मराठी माणसं नोकरीनिमित्त इकडे येतात, काही वर्षं राहतात, बदली झाली की निघतात. घर भाड्याचं, दोन खोल्यांचं. गच्ची सगळ्या इमारतीची. सासू, जाऊ, आत्या हजार किलोमीटर लांब. गोधडीची ओढ मात्र सुटत नाही. इथे जानेवारीतल्या पहाटेही पारा विशीच्या फार खाली जात नाही, तरी एसीच्या खोलीत अंगावर काहीतरी लागतंच, फरशीवर अंथरायला लागतं, आणि घरात बाळ येणार असलं की दुपट्यांची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही. गावाहून आणलेली गोधडी बहुतेक घरांत आहे. ती विरत चालली आहे, आणि दुसरी कशी शिवायची हे आता घरात कोणाला नीट येत नाही.

हे पुस्तक अशा घरांसाठी आहे, आणि त्यातला मार्ग ब्लॉकचा आहे. ब्लॉक म्हणजे गोधडीच्या वरच्या थराचा एक सुटा चौकोन: सहा इंचांचा, आठ इंचांचा, फार तर फूटभर. लहान तुकडे जोडून तो आधी पुरा करायचा, असे अनेक चौकोन झाले की ते एकमेकांना जोडायचे आणि मग अस्तर लावून दोरे घालायचे. ब्लॉक मांडीवर मावतो, बिस्किटांच्या डब्यात राहतो, बाळ झोपलं असताना अर्ध्या तासात एखादा होतो. बदलीची ऑर्डर आली तर झालेले ब्लॉक पिशवीत घालून नव्या गावी नेता येतात. इथल्या काही जणींनी शनिवारी दुपारी एकत्र बसून शिवायला सुरुवात केली, तेव्हा हेच कामाचं ठरलं.

त्या बैठकींत दोन आक्षेप पुन्हा पुन्हा निघाले. पहिला असा, की ब्लॉक आपला नाही, तो अमेरिकेतल्या क्विल्टचा. दुसरा, की सोपी पद्धत ही पळवाट आहे. आजीच्या हाताला जे जमायचं ते कात्री-पट्टीच्या युक्त्यांनी कसं येईल? दोन्ही आक्षेप मनापासूनचे आहेत. त्यांचं उत्तर द्यायचं तर या कलेचा सगळा विस्तार एकदा डोळ्यांखालून घालावा लागतो.

तुकडे जोडून वस्त्र करण्याची एक फार जुनी गोष्ट आपल्याकडची आहे. बौद्धांच्या विनयपिटकात ती येते. मगधातून जाताना बुद्धांनी बांधांनी आखलेली भातशेती पाहिली आणि शिष्य आनंदाला विचारलं, भिक्खूंसाठी असं चीवर करता येईल का? आनंदाने कापडाचे तुकडे कापून, मध्ये अरुंद पट्ट्या घालून ते जोडलं. मोठे वाफे, मधले बांध, सभोवार काठ. कापलेल्या कापडाचा चोराला मोह होत नाही, हाही त्यामागचा विचार. आजच्या क्विल्टमध्ये दोन ब्लॉकमध्ये जी पट्टी घालतात तिची रचना याहून वेगळी नाही. या पुस्तकात आम्ही त्या पट्टीला बांधच म्हटलं आहे.

तुकड्यांच्या वस्त्राला विरक्तीचा मान आपल्या भूमीत पुढेही मिळत राहिला. गाडगे महाराज (1876–1956) चिंध्या जोडून केलेले कपडे घालत आणि लोक त्यांना गोधडेबाबा म्हणत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतचे संत तर गोदड महाराज म्हणूनच ओळखले जातात. गरिबाचं पांघरूण आणि साधूचं वस्त्र एकाच हातवळणाचं असावं, याचा मला नेहमी आधार वाटतो.

भारतातल्या गोधड्यांचं मोठं कूळ हे थर आणि धावदोऱ्याचं आहे. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, सिंध-कच्छकडची रल्ली, कर्नाटकातली कौदी, आपली गोधडी आणि वाकळ ही सगळी त्या कुळातली भावंडं. जुनं, धुवून मऊ झालेलं सुती कापड एकावर एक ठेवायचं आणि सरळ धावदोऱ्याने आरपार शिवायचं, ही पद्धत सगळीकडे एकच. दोरा किंचित ओढला गेला की कापडावर बारीक लाटा उठतात आणि थरांमध्ये हवा अडते. ऊब त्या हवेची असते. कांथ्याने या टाक्यातून मासे, कमळं, पालख्या, अख्ख्या कथा काढल्या. सुजनीने चित्रांत आजच्या बायकांची सुखदुःखं घेतली. आपल्या गोधडीने चित्राच्या मागे न लागता मजबुतीकडे लक्ष दिलं. एकात एक चौकोन बसवत मध्यापर्यंत जाणाऱ्या तिच्या दोऱ्यांच्या ओळी पाहिल्या की शिवणाऱ्या बाईने कडेला किती टाके धरले होते आणि थकल्यावर ते किती लांब गेले, हेसुद्धा दिसतं.

या कुळातली मला सर्वांत शिकण्यासारखी वाटणारी पद्धत उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची आहे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या परिसरात राहणाऱ्या या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या अनेकांच्या बोलण्यात कोंकणी-मराठीचा मोठा वाटा आहे. त्यांच्या गोधडीला कवंद म्हणतात. खाली एक साडी अंथरायची. एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची. पहिला तुकडा ठेवायचा, त्याची मोकळी कड बोटाने आत दुमडायची आणि धावदोऱ्याने सगळ्या थरांतून शिवत जायचं. तुकडा संपायच्या आत दुसरा त्याच्या कडेखाली सरकवायचा. असं चारी बाजूंनी फिरत फिरत, कडेकडून आत, शेवटचा तुकडा मधोमध बसेपर्यंत. आधी तुकडे जोडा, मग थर लावा, मग दोरे घाला अशी तीन कामं इथे नाहीत. एकच टाका तुकडा जोडतो, कड दुमडून धरतो आणि थरही बांधतो. शेवटी चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावतात. फुलांशिवाय कवंद अपुरी. सोपी पद्धत म्हणजे काय असतं, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. ती कोणी पुस्तकातून शिकवलेली नाही. हातात सुई, जवळ चिंध्या आणि अंगावर दिवसभराचं काम असलेल्या बायकांनी ती घडवली.

दुसरं कूळ ठिगळाचं: मोठ्या कापडावर आकार कापून वरून लावायचे. गुजरातेतलं कटाब, ओडिशातल्या पिपलीचे छत्र-चांदवे यातले. तमिळनाडूत तंजावर-कुंभकोणम भागात मंदिरांत आणि रथांना टांगायचे तोंबै नावाचे कापडी दंडगोल याच पद्धतीने करतात. लाल, पिवळ्या, हिरव्या कापडाचे आकार, कडेला झालरी. इथल्या मराठी वाचकाने ते एकदा तरी जवळ जाऊन पाहावेत. तिसरं कूळ भरणाचं: पिंजाऱ्याने पिंजलेला कापूस दोन कापडांत घालून केलेली रजई, जयपूरची त्यात नावाजलेली. या पुस्तकात ते येत नाही. चेन्नईच्या हवेत त्याचं काम नाही, आणि पिंजाऱ्याच्या हातची कला पुस्तकाने शिकवण्यासारखी नाही.

ब्लॉकचं कूळ यांच्या पलीकडचं. इंग्लंडमध्ये कागदाच्या षटकोनांवर कापड गुंडाळून ते कडेला कडा शिवण्याची रीत होती. अमेरिकेत गेलेल्या वसाहतकऱ्यांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ब्लॉकची पद्धत सर्वत्र रुळली. छापील सुती कापड गिरण्यांतून स्वस्त येऊ लागलं होतं, 1851 मध्ये सिंगरने शिलाई मशीनचं पेटंट घेतलं होतं. नऊ चौकोनांचा ब्लॉक लहान मुलींना पहिला धडा म्हणून देत. मधला चौकोन आणि त्याभोवती पट्ट्या फिरवत न्यायचा लॉग केबिन 1860 च्या दशकात लोकप्रिय झाला. त्यात एका अंगाला उजळ, दुसऱ्या अंगाला गडद पट्ट्या लावल्या की ब्लॉक कसेही फिरवून नवी नक्षी निघते. घर सोडून जाणाऱ्या मैत्रिणीला प्रत्येकीने आपला एक ब्लॉक शिवून, त्यावर नाव घालून द्यायचीही चाल पडली.

सोपेपणाचा इतिहास इथे स्पष्ट दिसतो. फ्लोरिडातल्या सेमिनोल या मूलनिवासी बायकांच्या हाती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाताने फिरवायची मशीनं आली आणि त्यांनी वेगळंच तंत्र काढलं: आधी लांब पट्ट्या एकमेकींना शिवायच्या, मग त्या जोडपट्टीचे आडवे काप करायचे, ते सरकवून किंवा फिरवून पुन्हा जोडायचे. इवले इवले चौकोन हातात न धरताच बारीक नक्षी तयार. 1979 मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने फिरत्या पात्याचा कापडकाप बाजारात आणला आणि हीच युक्ती जगभरच्या घरांत पोचली. आज ज्यांना आपण पारंपरिक ब्लॉक म्हणतो त्यांतले कितीतरी कोणाच्या तरी काटकसरीतून आले आहेत. परंपरा आणि सोपी पद्धत यांच्यात भांडण लावायचं कारण मला दिसत नाही.

अमेरिकेतलीच आणखी एक गोष्ट ओरगडमला जवळची आहे. अलाबामातल्या जीझ बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायका शेतमजुरीच्या, रोजच्या कामाच्या विरलेल्या कपड्यांतून क्विल्ट शिवत. गुडघ्यावर फिकी पडलेली डेनिम, खिसा काढल्यावर उरलेला गडद चौकोन, सगळं तसंच ठेवून. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात ते क्विल्ट टांगले गेले, तेव्हा चित्रकार थक्क झाले. व्हिटनीने 1971 मध्येच क्विल्ट भिंतीवर लावून त्यांना चित्राच्या शेजारी बसवलं होतं. पण जीझ बेंडच्या गोधड्यांत कामाच्या कपड्यांचा घाम होता. आमच्या बैठकींत कारखान्याचे जुने गणवेश कापायला काढले जातात तेव्हा मला त्या बायका आठवतात. गणवेशाचं जाड ड्रिल आणि साडीचं पातळ कापड एका ब्लॉकमध्ये घालू नये, एवढं मात्र आधीच सांगते. जाड तुकडा पातळाला ओढतो आणि पाच-सहा धुण्यांत पातळ शिवणीलगत फाटतो. ड्रिलचे ब्लॉक वेगळे करा. फरशीवरच्या अंथरुणाला ते उत्तम.

इथे मला जे म्हणायचं आहे ते सांगते. सोपेपणा घ्यावा, पण कुठे घ्यावा हे कळायला हवं. कापण्यात आणि जोडण्यात जितके श्रम वाचतील तितके वाचवावेत. तिथे वाचवलेल्या श्रमाने गोधडीचं काहीच बिघडत नाही. कापडाची निवड, धुणं, धाग्याची दिशा, आणि थरांतून जाणारा धावदोरा यांत मात्र कसर करू नये. गोधडी टिकते ती या चार गोष्टींवर. आजकालच्या सोप्या पद्धती बऱ्याचदा याच्या उलट करतात: नक्षी अवघड निवडतात आणि दोरे मशीनवर दहा-दहा इंचांवर दोनच रेघा मारून उरकतात. अशी गोधडी फोटोत देखणी दिसते आणि वर्षभरात आतला थर गोळा होऊन एका कोपऱ्यात बसतो.

नऊ चौकोनांच्या ब्लॉकवर हे नीट दाखवता येतं. एक गडद, एक उजळ असं 44 इंच पन्ह्याचं सुती कापड घ्या. दोन्हीच्या अडीच इंच रुंदीच्या आडव्या पट्ट्या काढा: गडद पाच, उजळ चार. आता गडद-उजळ-गडद अशा तीन-तीन पट्ट्या लांबीला शिवून दोन जोडपट्ट्या करा आणि उजळ-गडद-उजळ अशी एक. इस्त्री करताना प्रत्येक शिवण गडद कापडाकडे वळवा. मग तिन्ही जोडपट्ट्यांचे अडीच-अडीच इंचांचे आडवे काप करा. काठ वगळून एका जोडपट्टीतून सतरा काप निघतात. पहिल्या प्रकारचे दोन काप, मध्ये दुसऱ्या प्रकारचा एक, असे जोडले की ब्लॉक झाला. शिवणी आधीच गडद बाजूला वळवल्यामुळे दोन कापांच्या शिवणी समोरासमोर उलट दिशेला येतात आणि एकमेकींत घट्ट बसतात. चौकोनांची टोकं आपोआप जुळतात, टाचण्या फारशा लागत नाहीत. एकशे त्रेपन्न चौकोन आखून, कापून, मोजून ठेवण्याऐवजी नऊ पट्ट्या आणि सहा लांब शिवणी. यात काय गमावलं? काही नाही.

मात्र दोन सुतांची माया, म्हणजे शिवणीबाहेर राहणारी कड, सोडण्यात हयगय चालणार नाही. आपले शिंपी इंचाचे आठ सूत मोजतात. दोन सूत म्हणजे पाव इंच. शिवताना माया अर्धा सूत जरी जास्त गेली तरी दोन्ही तुकड्यांतून मिळून शिवणीमागे एक सूत कापड जातं. ब्लॉकच्या रुंदीत दोन शिवणी, म्हणजे पाव इंच. दहा ब्लॉकच्या ओळीत अडीच इंच. शेजारची ओळ दुसऱ्या कोणी, थोडी कमी माया घेऊन शिवली असेल तर दोन ओळी जुळणारच नाहीत, मग ओढाताण करून जुळवायच्या आणि गोधडीला कायमचा झोल. म्हणून मशीनच्या पट्टीवर सुईपासून दोन सुतांवर चिकटपट्टीची कड लावा, पहिला ब्लॉक शिवून मोजा. कडेच्या मायेसकट तो साडेसहा इंच भरला तर पुढे चला, नाही भरला तर उसवा. उसवण्याचा कंटाळा करू नका.

त्रिकोणांच्या ब्लॉकलाही अशीच युक्ती आहे. सुटे त्रिकोण कापले की त्यांची तिरपी कड हातात येते. ती उरेब असते, म्हणून जरा ओढली की ताणली जाते. त्यापेक्षा दोन रंगांचे दोन चौकोन समोरासमोर ठेवा, कोपऱ्यातून कोपऱ्यात खडूची रेघ ओढा, रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सुतांवर शिवा आणि मग रेघेवर कापा. दोन चौकोन तयार, प्रत्येकात दोन त्रिकोण, आणि तिरपी कड शिवण पडेपर्यंत सुटी झालीच नाही. तीन इंचांचा तयार चौकोन हवा असेल तर मुळात तीन इंच सात सुतांचा कापायचा. एवढी एक युक्ती हाती आली की अर्धेअधिक जुने ब्लॉक खुले होतात.

आता कापडाविषयी. पूर्वीच्या गोधडीचं बळ जुन्या सुती लुगड्यात होतं. विरलेल्या लुगड्यालाही मधला भाग काढून, टिकलेली दोन टोकं जोडून दंड घालत, पुन्हा नेसत, आणि अगदीच झालं की ते गोधडीत जाई. आजच्या घरातल्या जुन्या साड्यांत पॉलिस्टरच पुष्कळ असतं. त्यावर सुई सरकते, इस्त्रीची घडी बसत नाही, घाम शोषला जात नाही. अशा साड्यांच्या गोधड्या बाजारात पुष्कळ विकल्या जातात आणि घेणाऱ्यांना त्या चकचकीत वाटतात; बाळाच्या अंगाखाली घालू नका, एवढंच सांगेन. सुती साडी हाती आली तर ती उजेडासमोर धरून पाहा. पदर आणि काठालगतचा भाग बहुधा घट्ट असतो, बसण्याजागचा विरलेला. दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहायचं. धागे सरकले तर तो भाग आतल्या थराला. दिशा कळण्यासाठी जुना उपाय सर्वांत खात्रीचा: कड जरा कातरून कापड फाडायचं. सुती कापड धाग्यावरच फाटतं.

रंगाचं भान चेन्नईत ठेवावंच लागतं. याच किनाऱ्यावरचं चौकड्यांचं मद्रास कापड एकेकाळी पश्चिम आफ्रिकेत लग्नाकार्याला नेसलं जाई. 1958 च्या सुमारास त्याचे शर्ट अमेरिकेत गेले, धुण्यात रंग सुटला, गिऱ्हाइकं चिडली. मग विकणाऱ्यांनी रंग सुटणं हाच या कापडाचा गुण म्हणून जाहिरात केली आणि ते तुफान खपलं. शर्टाला ते शोभलं. गोधडीत लाल तुकड्याचा रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरला तर सगळी मेहनत पाण्यात. नवं-जुनं प्रत्येक कापड वेगळं भिजवून, पांढऱ्या फडक्याबरोबर पिळून पाहिल्याशिवाय कात्री लावू नये.

तमिळनाडूत सुई-दोरा घेऊन आलेले आपण पहिले मराठी नाही. तंजावरला 1855 पर्यंत मराठी राज्य होतं आणि त्याच्या आगेमागे अनेक कुटुंबं दक्षिणेत स्थिरावली. नामदेव शिंपी आणि भावसार समाजाची माणसं तमिळनाडू-कर्नाटकातल्या गावोगावी आहेत. शिवणं आणि रंगवणं हे त्यांचे परंपरेचे धंदे, आणि घरात अजून मराठीची एक जुनी बोली. नामदेवांना मानणाऱ्या या घरांचा माप आणि माया यांच्याशी संबंध शतकांचा. त्यांच्या पुढच्या पिढ्या आता इतर उद्योगांत आहेत, तरी ज्यांच्याकडे जुन्या शिंपीकामाची ओळख टिकून आहे त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे. शेजारच्या तमिळ अक्कांकडूनही. त्यांच्याकडे जुनी सुती साडी आढ्याला बांधून तिची तूळी करतात, म्हणजे बाळाची झोळी. साडी कोणत्या वयात किती मऊ होते, कुठे भार सोसते आणि कुठे नाही, हे त्यांना बोटांनी कळतं. चेन्नईत क्विल्टचं वेडही कमी नाही. 2019 च्या जानेवारीत इथे क्विल्टचा मोठा महोत्सव भरला होता आणि देशभरच्या शिवणाऱ्यांचं काम एकत्र आलं होतं.

हे सगळं आजच का? एक कारण कपाटं सांगतात. कपडे स्वस्त झाले, दोन-तीन धुण्यांत टाकले जातात, आणि टाकलेलं कापड कुठे जातं हे आपण विचारत नाही. गोधडीच्या घरात चिंधी हा शब्द तुच्छतेने उच्चारला जात नसे. तिचा पुढचा उपयोग ठरलेला असे. दुसरं कारण मला जास्त टोचतं. गोधडी आता दुकानांत, प्रदर्शनांत, ऑनलाइन चांगल्या किमतीला विकली जाते. शिवणाऱ्या बाईला पैसे मिळत असतील तर त्याहून चांगलं काय? पण घरात शिवायची कला गेली की विकत घेणाऱ्याला चांगल्या-वाईट दोऱ्यातला फरक कळेनासा होतो, आणि मग चांगलं शिवणारीला योग्य दाम देणारं गिऱ्हाईकही उरत नाही. घरोघर थोडं थोडं शिवलं जाणं हे त्या बाईच्याही हिताचं आहे.

या पुस्तकाने मोजकंच हाती घेतलं आहे. पुढच्या पानांवर आठच ब्लॉक आहेत. त्यांतले काही पट्ट्यांचे, काही त्रिकोणांचे, एक लॉग केबिन, आणि शेवटचा सिद्दी पद्धतीने कडेकडून आत जाणारा, ज्याला मशीन लागतच नाही. मापं सगळी इंच-सुतांत दिली आहेत, कारण आपल्या टेपा आणि आपले शिंपी तेच मोजतात. फिरत्या पात्याचा कापडकाप आणि खास पट्ट्या असतील तर बरंच. नसतील तर साधी कात्री, खडू आणि लाकडी फूटपट्टी यांनी प्रत्येक ब्लॉक होतो, आणि चित्रांतही तीच साधनं दाखवली आहेत. कच्चे टाके आणि धावदोरा यांना इतर गोष्टींहून जास्त पानं दिली आहेत. नक्षीकाम, भरतकाम, मशीनवरची वळणदार शिलाई यांसाठी दुसरी पुस्तकं पाहावीत.

शिवणीला नवख्या असणाऱ्यांनी नऊ चौकोनांपासूनच सुरुवात करावी. वर सांगितल्याप्रमाणे नऊ पट्ट्यांतून सतरा ब्लॉक निघतात. सोळा ब्लॉक चार-चारच्या ओळींत मांडून, त्यांच्यामध्ये आणि सभोवार दोन-दोन इंचांचे बांध घातले की 34 इंचांचं चौरस दुपटं होतं. अस्तराला मऊ झालेली जुनी सुती चादर पुरे, मधला थर एकच. दोरे बोटभर अंतराने घालावेत. सतरावा ब्लॉक दुपट्यात जात नाही. तो सर्वांत आधी शिवावा, साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवावा, चोळून धुवावा, उन्हात वाळवावा, आणि रंग उतरला का, शिवण उसवली का, चौकोन वाकडा झाला का हे पाहून मगच पुढच्या पट्ट्यांना कात्री लावावी.

ओरगडम, चेन्नई